सीओडी ‘खाणाऱ्या’ पावडरपासून सावध

ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सांभाळणाऱ्यांनी हे वाचाच.

महाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या केमिकल युनिटमध्ये एक विक्रेता पांढऱ्या पावडरच्या गोण्या घेऊन आला. नवा ब्लोअर नको, टाकी वाढवायला नको. शेवटच्या टाकीत पावडर टाका, ढवळा, सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) निम्म्यावर. डेमो आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच पाण्यावर. आकडा खरंच उतरला. मालक खूश, अर्धे पैसे ॲडव्हान्स.

मग बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला: सीओडी 210, बीओडी 340. असं होऊच शकत नाही. जिवाणू जेवढं खातात तेवढा बीओडी. सीओडीत ते तर येतंच, शिवाय त्यांना न पचणारंही येतं. विक्रेता म्हणाला, “साहेब, लॅबवाल्यांनी सॅम्पलची अदलाबदल केली असेल.”

आमच्या केमिस्ट मॅडमनी वाद घातला नाही. लिटरला 425 मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घालून 500 सीओडीचं स्टँडर्ड (आकडा आधीच माहीत असलेलं पाणी) बनवलं, त्यात चिमूटभर पावडर टाकली आणि लगेच रिफ्लक्सला (सीओडी चाचणीतल्या उकळणीला) लावलं. कंडेन्सरपाशी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर येतो तसा वास सुटला. सीओडी धाडकन खाली! थॅलेट असं थंड पाण्यात क्षणात नाहीसं होत नसतं. टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) करून घेतला, तर पावडर टाकण्याआधी आणि नंतर जवळपास तेवढाच.

माल निघाला सोडियम क्लोरेट. टाकीतल्या पाण्यात तो ढिम्म बसतो. पण सीओडीच्या चाचणीत तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि 150 अंशांच्या आसपास दोन तास उकळणं असतं. तिथे तो जागा होतो आणि डायक्रोमेटचं (चाचणीत घाण जाळणारं रसायन; ते जेवढं खर्ची, तेवढा सीओडी) काम स्वतःच करून टाकतो. डायक्रोमेट कमी खर्ची पडतं, म्हणून आकडा कमी. घाण मात्र जशीच्या तशी सीईटीपीकडे (सगळ्या कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्लांटकडे). आणि रिपोर्टवर सही आपली, विक्रेत्याची नाही!

त्याहून भयंकर म्हणजे या गोण्या आमच्या सॉल्व्हंटच्या ड्रमांशेजारी रचल्या होत्या. क्लोरेटला सॉल्व्हंट किंवा लाकडाचा भुसा लागला तर एक ठिणगी पुरे. एमएसडीएस (रसायनाचे धोके सांगणारी माहितीपत्रिका) मागितली तर “फॉर्म्युला गुप्त आहे” एवढंच उत्तर. ॲडव्हान्स बुडाला.

परवा लोटे एमआयडीसीतून ओळखीच्या ईटीपीवाल्याचा फोन आला. तीच पावडर, तोच माणूस, गोणीवर आता ‘बायो-एन्झाइम’. मंगळवारी डेमो आहे. त्याला म्हटलं, थॅलेटचं स्टँडर्ड आधीच बनवून ठेव, आणि विक्रेत्यासमोरच पावडर टाकून चाचणीला लाव.