ट्रेझरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातले नाना: पेन्शनची कागदं करून घेतली, त्याचा अनुभव

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते, शेवटची सहा वर्षं वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. ३१ मे २०२५ ला रिटायर झाले. तारीख वाचूनच जाणकारांनी ओळखलं असेल की कागदावर माझा जन्म १ जूनचा. खरा कुणास ठाऊक कधीचा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अर्ध्या वर्गाला तीच तारीख वाटली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला आपल्याकडे नारळ-शालींचा खप वाढतो. गुरुजींनी १ जुलै लिहिलं असतं तर मी ३० जूनला निघाले असते आणि १ जुलैची वेतनवाढ पेन्शनला धरली गेली असती. ३० जूनवाल्यांना ती कोर्टकचेऱ्या होऊन आता मिळते. आम्ही मेवाले एका महिन्याने हुकलो. असो.

तर नाना. आमच्या जिल्ह्याच्या गावी ट्रेझरीच्या समोरच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे, त्यात मागच्या बाजूला पासपोर्ट फोटोचा निळा पडदा आणि पडद्याच्या आड एक टेबल. तिथे नाना बसतात. स्वतः लेखा शाखेतून रिटायर झालेले, वय सत्तरीच्या पुढे. सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींची वही, नुसतं बघून द्यायचे शंभर रुपये, पूर्ण केस करायचे आठशे. दर आधीच सांगतात, नंतर वाढवत नाहीत.

मी गेले जानेवारीत. नानांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सिस्टर, एवढ्या उशिरा?" नियमाने पेन्शनची केस निवृत्तीच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे (केस तपासून मंजूर करणारं मुंबईचं ऑफिस) जायला हवी आणि तयारी त्याच्याही खूप आधी सुरू व्हायला हवी. आमच्या ऑफिसात कुणी हललं नव्हतं आणि मीही नाही. "केस कॉम्प्युटरवर ऑफिसच भरतं, मग तुम्ही काय करता?" असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. ते म्हणाले, "कॉम्प्युटरला सेवापुस्तक वाचता येत नाही."

ऑफिसातून सेवापुस्तकाची झेरॉक्स मिळवायलाच मला तीन आठवडे लागले. नानांनी ती दोन तास वाचली. आम्ही नवीन पेशंटचा केसपेपर वाचतो तशी, बोट ठेवून, मागची पानं पुन्हा पुढे घेत. पहिल्या पानावर माहेरचं नाव, बोटांचे ठसे आणि ओळखचिन्ह म्हणून "हनुवटीखाली जुना व्रण". तो व्रण मी स्वतःच विसरले होते. नाना चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "आहे अजून." मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लाल पेनाने यादी केली. लग्नानंतर नाव बदलल्याची नोंद आहे, पण तिच्यावर कार्यालयप्रमुखाची सही नाही. १९९८ साली तालुक्याच्या दवाखान्यात होते त्या काळातल्या सात महिन्यांची सेवा पडताळणी झालेली नाही. आणि ग्रॅच्युइटीचं, म्हणजे निवृत्तीला एकरकमी मिळणाऱ्या पैशांचं, नामनिर्देशन अजून आईच्या नावावर आहे.

आई २०११ मध्ये गेली. १९९१ साली नोकरीला लागले तेव्हा लग्न झालं नव्हतं, आईचं नाव टाकलं आणि परत ते पान उघडलंच नाही. नाना काही बोलले नाहीत, नवा फॉर्म पुढे सरकवला. मी यजमानांचं नाव लिहिलं आणि बाहेर जाऊन चहा घेऊन आले.

त्या सात महिन्यांसाठी मात्र पायपीट झाली. जुन्या दवाखान्यात जाऊन त्या काळातली पगारबिलं शोधायची होती. तिथल्या माळ्यावर दप्तरांना वाळवी लागलेली. एका शिपाईमामांनी दुपारभर गठ्ठे सोडून माझ्या नावाची ओळ काढून दिली. पगार निघाला होता म्हणजे सेवा झाली होती, त्या आधारावर पडताळणीचा शिक्का बसला. नानांनी हे आधी दाखवलं नसतं तर केस मुंबईहून त्रुटीचं पत्र लागून परत आली असती, आणि मी रिटायर झाल्यावर त्याच माळ्याखाली उभी असते.

आता सगळ्यांना ज्यात रस असतो तो विषय: पेन्शन विकायची का? कागदोपत्री त्याला अंशराशीकरण म्हणतात, पण विकणं हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. मला दवाखान्यात दहा जणांनी दहा सल्ले दिले होते. "अजिबात विकू नका, सरकार दुप्पट वसूल करतं" इथपासून "न विकणारा मूर्ख" इथपर्यंत. नानांनी खराब झालेल्या झेरॉक्सच्या मागे माझे आकडे मांडले, ते तसेच देते. शेवटचं मूळ वेतन ६८,०००. पेन्शन त्याच्या निम्मी, ३४,०००. त्यातला जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो, म्हणजे महिना १३,६००. हे गुणिले १२, गुणिले ८.३७१. हा शेवटचा आकडा वयाप्रमाणे तक्त्यात असतो; अठ्ठावन्नाला निघणाऱ्याचा पुढचा वाढदिवस एकोणसाठावा, म्हणून ८.३७१. हातात येतात १३,६६,१४७ रुपये. दरमहा हातात पेन्शन उरते २०,४००, आणि पंधरा वर्षांनी पुन्हा पूर्ण ३४,००० होते.

"आणि महागाई भत्ता?" मी विचारलं. पेन्शन विकल्यानंतरही तो पूर्ण ३४,००० वरच मिळतो. हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी उलटी बाजू मांडली. १३,६०० प्रमाणे पंधरा वर्षं म्हणजे १८० महिने, कापले जाणार २४,४८,०००. घेतलेली रक्कम बिनव्याजी हिशेबाने साडेआठ वर्षांच्या आतच फिटते, पुढची कपात हे व्याज समजायचं. "घरात कर्ज आहे? मुलीचं लग्न, घराचं काम?" मी म्हटलं, मुलाच्या फ्लॅटचा हप्ता आहे. "मग विका. नुसतं बँकेत ठेवायचं असेल तर विचार करा." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी चार मैत्रिणींना फोन करून सांगितली. आपण मध्येच गेलो तर राहिलेली कपात घरच्यांकडून वसूल होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत २०,४००, सुरुवातीची काही वर्षं त्याहून जादा दराने. विकलं म्हणून ते कमी होत नाही. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत विकायचा अर्ज केला तर मेडिकलही लागत नाही. हे ऐकून हसू आलं, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेडिकलची बीपी मीच घेतली.

ग्रॅच्युइटीबद्दल थोडक्यात. राज्यात मर्यादा १४ लाख होती, १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख झाली. माझ्याबरोबरच्या एक सिस्टर त्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्टला निघाल्या. त्यांच्यासमोर हा विषय काढत नाही.

एक वसुलीचं लचांडही झालं. जुन्या वेतननिश्चितीत चूक सापडली आणि ऑफिसने ग्रॅच्युइटीतून बेचाळीस हजार कापायचं पत्र काढलं. नानांच्या ड्रॉवरमध्ये दुधाच्या धुतलेल्या पिशवीत सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या निकालाची प्रत असते, रफिक मसीह प्रकरणाची. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून, त्यांची चूक नसताना जादा दिले गेलेले पैसे वसूल करू नयेत असं त्यात आहे. अर्ज त्यांनीच लिहून दिला. "जादा पैसे परत करू असं हमीपत्र लिहून दिलेलं असेल तर भांडण लांबतं," असंही बजावलं. माझं लांबलं नाही, दोन फेऱ्यांत पत्र मागे घेतलं.

आता तक्रारी. एक, नानांचं अक्षर. फॉर्म छान भरतात, पण आपल्यासाठी केलेली यादी वाचायला डॉक्टरांची चिठ्ठी वाचायचा सराव हवा. मला होता. दोन, मोबाईल उचलत नाहीत. तीन, आणि ही खरी तक्रार: बोर्डावर "सर्व प्रकारची पेन्शनची कामे" लिहिलंय ते खरं नाही. आमची ज्युनिअर सिस्टर माझ्याबरोबर आली होती, २००९ ची भरती. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांना सहसा ही जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातले १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के एनपीएसच्या, म्हणजे नव्या पेन्शन योजनेच्या, खात्यात जातात; त्या खात्याच्या नंबराला प्राण म्हणतात. मार्च २०२३ च्या संपात ती सात दिवस "एकच मिशन, जुनी पेन्शन"ची टोपी घालून उन्हात बसली होती. आता राज्याने सुधारित योजनेचा पर्याय दिलाय, वीस वर्षं सेवा झाली की शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन, तर तो घ्यावा का, एवढंच तिला विचारायचं होतं. नाना म्हणाले, "बाई, तुमच्या त्या प्राण नंबरातलं मला कळत नाही. चुकीचं सांगायचो नाही." प्रामाणिकपणा मान्य, पण पोरगी रजा टाकून आली होती. बोर्ड बदला, असं मी तोंडावर सांगितलं. अजून बदललेला नाही.

नोव्हेंबरात सासूबाईंना घेऊन गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. त्या चौऱ्याऐंशीच्या, सासरे पाटबंधाऱ्यात होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. बँकेत यादीवर सही करता येते, पण तिथला जिना त्यांना चढवत नाही. अंगठा मशीनवर उमटत नाही, भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे ऑनलाइन दाखल्यात, आता चेहऱ्यावरून होतं. नाना त्याचे पन्नास रुपये घेतात. पोस्टमन घरी येऊन सत्तर घेतो. स्वतःच्या फोनवर जमलं तर फुकट. दुकानातली ट्यूब लुकलुकत होती, चारदा फसलं. शेवटी नानांनी सासूबाईंना हाताला धरून पायरीवर उन्हात बसवलं, फोन समोर धरला आणि म्हणाले, "आजी, डोळे मिटा… उघडा." झालं. त्याआधी फॉर्ममधला प्रश्न त्यांना वाचून दाखवावा लागला होता: पुनर्विवाह केला आहे का? सासूबाई नानांना म्हणाल्या, "स्थळ आहे का बघण्यात?" झेरॉक्सवाला पोरगा हसून हसून कागद भलत्याच बाजूने घालून बसला.

माझी पहिली पेन्शन ऑगस्टमध्ये थकबाकीसकट जमा झाली. अडीच महिने उशीर झाला, पण तो नानांच्या टेबलावर झाला नाही. पाचपैकी चार तारे. एक त्या बोर्डाचा कापला.

गुरुवारी बंद. एक ते तीन जेवायची सुट्टी, तेव्हा कुणासाठी उठत नाहीत. मूळ सेवापुस्तक नेऊ नका, झेरॉक्स न्या, आणि पती-पत्नीचा एकत्र फोटो त्याच पडद्यासमोर काढून होतो. एप्रिल उजाडला की आमच्यासारख्या १ जूनवाल्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. बसायला स्टूल एकच आहे.