मेकर्स मार्क : गव्हाची बर्बन, संत्र्याच्या पट्ट्यात

बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, पहिल्यांदाच घेणार असाल आणि जिभेला गोडाचं वावडं नसेल, तर मेकर्स मार्क या ब्रँडची घ्या. निकाल आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वरूड भागात इतक्या पैशाची बाटली कुणी सहज म्हणून घेत नाही. ज्याला सांगावं तो आधी हेच विचारतो, की आपल्या नेहमीच्या व्हिस्कीत आणि हिच्यात फरक काय?

फरक पुष्कळ आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं. बर्बनला अमेरिकेचा कायदा लागू आहे. धान्यात मका निदान ५१ टक्के हवा, आणि दारू मुरवायची ती कोऱ्या, आतून जाळून घेतलेल्या ओकच्या पिंपात. वरून पाण्याखेरीज काही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. ग्लासात जो तांबूस रंग दिसतो तो सगळा त्या जळक्या लाकडाचा. आमच्याकडे मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला आणि जनावरांच्या वैरणीला. त्याच दाण्यातून अशी गोडी निघते, याचं शेतकरी म्हणून मला फार अप्रूप वाटतं.

बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय नावाचं धान्य असतं, त्याने चवीला मिरमिरीतपणा येतो. मेकर्स मार्कमध्ये राय नाहीच. ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. अमेरिकेच्या केंटकी राज्यात लोरेटोजवळची जुनी भट्टी बिल सॅम्युअल्स यांनी १९५३ मध्ये विकत घेतली आणि पहिली बाटली बाजारात आली १९५८ मध्ये. दारू मुरून कळायला वर्षं जातात, म्हणून त्यांनी निरनिराळ्या धान्यांचे ब्रेड भाजून, ते चाखून मिश्रण ठरवलं, असं कंपनी सांगते. मला हे पटतं. गव्हाची पोळी आणि ज्वारीची भाकर यांतला फरक ज्याच्या जिभेला कळतो, त्याला धान्याची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. बाटलीचा आकार आणि गळ्यावरून ओघळलेलं लाल मेण या दोन्ही गोष्टी सॅम्युअल्स यांच्या पत्नी मार्जी यांनी सुचवलेल्या.

आमची बाटली पुतण्याने अमेरिकेहून आणली. नागपूर विमानतळावरून येताना त्याला मुद्दाम काटोल-जलालखेडा रस्त्याने यायला लावलं. अमरावती हायवेने आलं की कारंजा, तळेगाव लागतं, म्हणजे वर्धा जिल्हा, आणि तिथे दारूबंदी आहे. तुम्हीही आणणार असाल तर रस्ता आधी पाहून घ्या आणि परवाना खिशात ठेवा.

चाखली ती डिसेंबरात, वावरातल्या खोलीवर, संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा उरकत आला होता तेव्हा. सोबत काकाजी होते. मेणाखाली एक पट्टी असते, तिचं टोक धरून गोल ओढली की मेण कापलं जातं. चाकू लावायची गरज नाही. पुतण्याने वर निमुळते होत गेलेले दोन ग्लास आणले होते. ओतून दहा मिनिटं तसेच ठेवले. लगेच नाक घातलं तर ४५ टक्के अल्कोहोलची ही दारू नाकाला झोंबते आणि पुढचं काही कळत नाही.

दहा मिनिटांनी आधी आली काकवी. मग व्हॅनिला, तीही आइस्क्रीमच्या इसेन्ससारखी उग्र नाही, मागे राहणारी. हा वास लाकूड जाळल्याने सुटतो, बाहेरून घातलेला नसतो. आणि त्याच्या पाठोपाठ संत्रं. काकाजी ग्लास नाकाशी धरून म्हणाले, "अबे, हे तं वाळल्या सालीचा वास मारून राह्यली!" मी खळ्यावरचं एक ताजं संत्रं सोललं आणि साल ग्लासाशेजारी चिमटून पाहिली. ताज्या सालीचं तेल तिखट असतं, डोळ्यांत जातं. ग्लासातला वास तो नव्हताच. गच्चीवर आठवडाभर ऊन खाल्लेल्या, कडा आत वळलेल्या सालीचा होता. काकाजींचं नाक बरोबर होतं. जन्मभर संत्र्यात वावरलेला माणूस आहे.

पहिल्या घोटाला जिभेच्या शेंड्यावर गोड लागते, मध्ये भाजलेल्या गव्हाचा भरीवपणा येतो आणि घशाखाली उतरताना ऊब लागते, जाळ होत नाही. चमचाभर पाणी घातल्यावर लाकडाचा तुरटपणा मागे सरतो आणि गोडी मोकळी होते. पाणी मात्र बोअरचं नको. आमच्याकडचं पाणी जड आहे, त्याने चव मरते. आरओचं घ्या.

उणंही सांगतो. चव घशात फार वेळ टिकत नाही. वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ टक्क्यांची, राय असलेली बर्बन आहे, ती गिळल्यावरही बराच वेळ सोबत राहते. ज्याला तिखटपणा हवा त्याला मेकर्स मार्क मवाळ वाटेल. पण साध्या जिम बीम या बर्बनपेक्षा ही मला स्पष्टपणे सरस वाटली. जिम बीममध्ये शेंगदाण्याच्या फोलपटासारखी एक कोरडी चव असते, ती इथे नाही. या ४५ टक्क्यांनाही महत्त्व आहे. २०१३ मध्ये कंपनीने माल पुरेना म्हणून ते ४२ वर आणायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईक इतकं भडकलं की थोड्याच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. गिऱ्हाइकाचं बरोबरच होतं. पाणी घालायचं तर ते पिणाऱ्याने, आपल्या हाताने.

सावजी मटण आणि तर्री हिच्यासोबत ठेवू नका, कळकळीने सांगतो. तिखटाने जीभ पेटली की काकवीही जाते, सालही जाते, आणि मग एवढा पैसा का घातला असा प्रश्न पडतो. आम्ही बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेतला, ते छान जमलं. कोलात मिसळायची असेल तर स्वस्तातली घ्या.

उन्हाळ्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, ही नुसती पिऊ नका. खोलीच तापलेली असते, स्पिरिट उडून नाकात बसतं. बर्फाचा एकच मोठा खडा टाका. बारीक चुरा लगेच विरघळतो आणि पाणी करून टाकतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचा आयात कर १५० टक्क्यांवरून १०० वर आणला. तरी राज्याचे कर वर चढतातच, त्यामुळे इथल्या दुकानात ती महागच पडते. अमेरिकेहून कुणी येणार असेल तर त्यालाच सांगा. माणशी दोन लिटर आणता येते. बाटली फोडल्यावर उभीच ठेवा, कपाटात, टिनाच्या खोलीत नको. निम्म्याच्या खाली गेली की दोन-चार महिन्यांत संपवा, आतल्या हवेने सालीचा वास आधी जातो.