चावीचा व्हिक्ट्रोला आणि जुना जॅझ: आठ महिने वापरल्यानंतर

व्हिक्ट्रोला या चावीच्या ग्रामोफोनचं नऊ नंबरचं टेबल मॉडेल घरी येऊन आठ महिने झाले. हे मॉडेल १९११ साली निघालं. भोंगा बाहेर दिसत नाही, लाकडी पेटीच्या आतच असतो आणि समोर दोन छोटी दारं. दारं उघडली की आवाज मोठा, लोटली की लहान. यंत्रावर व्हॉल्यूमची एवढीच सोय. विकणाऱ्याने ‘पूर्ण सर्व्हिसिंग केलेलं’ म्हणून दिलं होतं, पण पहिल्याच संध्याकाळी कळलं की तसं काही झालेलं नाही.

जॅझमधला कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) वर चढला की आवाज फाटत होता. साउंडबॉक्स, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणारी गोल डबी, उघडला तेव्हा कारण हाताशीच सापडलं. आतला अभ्रकाचा पडदा दोन रबरी नळ्यांच्या कड्यांमध्ये धरलेला असतो. ते रबर इतकं वाळलं होतं की टाचणीने उचलायला गेलो तर तुकडे पडले. पडद्याला हलायला जागाच उरली नव्हती. नव्या मऊ नळ्या कापून बसवल्या, पडद्याच्या मध्यावरचा स्क्रू अगदी हलक्या हाताने आवळला, आणि त्याच रेकॉर्डवर तोच कॉर्नेट स्वच्छ वाजला. दुसरा दोष मोटरचा. गाणं चालू असताना आतून ‘ठक्क’ व्हायचं आणि क्षणभर सूर लटपटायचा. स्प्रिंगमधलं ग्रीस घट्ट झालं की असं होतं. ते काम मात्र मी जाणत्या माणसाकडून करून घेतलं. ताणलेली स्प्रिंग डब्यातून सुटली तर हात फोडते, तेव्हा नवख्याने तो डबा उघडू नये.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ने (जॅझ तेव्हा असंही लिहीत) व्हिक्टर कंपनीसाठी दोन बाजू ध्वनिमुद्रित केल्या. पहिली जॅझ रेकॉर्ड म्हणून हीच ओळखली जाते. तेव्हा ती प्रचंड खपली, म्हणून मूळ प्रती अजून मिळतात. माझ्याकडची बरीच झिजलेली आहे. संगणकावर हेच ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर ते मला पातळ, कर्कश वाटायचं. या यंत्रावर पहिल्यांदा लावलं तेव्हा क्लॅरिनेटचा कोंबडा, कॉर्नेटचं खिंकाळणारं घोडं आणि ट्रॉम्बोनची हंबरणारी गाय खोलीत येऊन उभी राहिली. मागे लाकडी ठोकळ्यांचा टकटकाट इतका सुटा ऐकू आला की मी पेटीत डोकावून पाहिलं!

याला कारण आहे. १९२५ पर्यंत बहुतेक ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय व्हायचं. वादक एका भोंग्यासमोर वाजवायचे, त्या हवेच्या जोरावर पडदा हलायचा आणि सुई मेणात चर कोरायची. माझं यंत्र तीच वाट उलटी चालतं: चर, सुई, पडदा, भोंगा. मोठ्या ढोलाच्या दणक्याने कोरणारी सुई उडण्याची भीती असे, म्हणून ड्रमवाला ठोकळ्यांवर यायचा. एप्रिल १९२३ मध्ये रिचमंड, इंडियाना इथे जेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडने ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा त्यातल्या तरुण लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटचा आवाज इतका मोठा होता की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं, असं त्या बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. भोंग्यापासूनचं अंतर हेच त्या काळचं मिक्सिंग. एका ओळखीच्या संग्राहकाने त्या बँडची तबकडी आणून माझ्या यंत्रावर लावली. ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँगच्या दोन कॉर्नेटमधलं ते अंतर मला कानांनी मोजता आलं.

पण हेच यंत्र १९२८ च्या आर्मस्ट्राँगला न्याय देत नाही. विजेवर मुद्रित झालेल्या त्या तबकड्यांतला जोर अभ्रकाच्या जुन्या पडद्याला पेलत नाही. वरचे सूर ओरडतात आणि जड टोनआर्म (साउंडबॉक्स धरणारा दांडा) चर खातो. एकदा लावली, अर्ध्यावर थांबवली, पुन्हा लावली नाही. त्या मी आता हलक्या पिकअपच्या (सुई धरणाऱ्या भागाच्या) इलेक्ट्रिक टर्नटेबलवर, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीची रुंद सुई लावूनच ऐकतो. एडिसनच्या जाड ‘डायमंड डिस्क’ तर या यंत्रावर चुकूनही ठेवू नयेत. त्यांचा चर उभा कोरलेला असतो, आडवा नाही. इथे आवाज येणार नाहीच, वर तबकडी खराब होईल.

पिनचं, म्हणजे या यंत्राच्या सुईचं विचाराल तर एक बाजू, एक पिन. यात काटकसर नको. लाखेच्या तबकडीत मुद्दाम दगडाची बारीक पूड मिसळलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत पोलादी पिनला घासून चराच्या आकाराची करते. तीन मिनिटांनी काढलेली पिन मी भिंगाखाली पाहिली. टोक छिन्नीसारखं चपटं झालं होतं. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावणं म्हणजे चरात छिन्नी चालवणंच. तबकडी पुसायला स्पिरिट वापरू नका, लाख विरघळते.

वेग लावायला तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्या मोजतो. एकोणचाळीस हव्यात. मिनिटाला ७८ ऐवजी ८२-८३ झाल्या तरी सगळा बँड अर्ध्या स्वराने वर जातो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही.

चकचकीत पितळी भोंग्याची, नवे-जुने भाग जोडून बनवलेली यंत्रं स्वस्त दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा टोनआर्म तबकडीवर वाकडा चालतो आणि चांगल्या रेकॉर्डचं वाटोळं करतो. माझ्या व्हिक्ट्रोलावर मी आता दिवसाला दोनच बाजू लावतो, त्याही १९२५ च्या आधीच्या. १९१७ ची ती झिजलेली तबकडी आठवड्यातून एकदाच निघते, नवी पिन आणि पूर्ण चावी देऊन, दोन्ही दारं सताड उघडी ठेवून.