पिकअपमधली पाण्याची पिशवी: किती उपयोगाची, किती जड

ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या परिसरात हिवाळ्यात ट्रेलर घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांपुढे विजेचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. छतावरची सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी यांनी तो बराचसा सोडवला आहे. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. ट्रेलरच्या टाकीत मावेल तेवढ्यावर दिवस काढायचे, आणि ती आटली की मांडलेला सगळा पसारा आवरून, ट्रेलर गाडीला जोडून तो नळापर्यंत न्यायचा, ही दगदग टाळण्यासाठी पिकअपच्या हौद्यात अंथरायची घडीची पाण्याची पिशवी मिळते. आमच्याकडे अशी ४५ गॅलनची, म्हणजे सुमारे १७० लिटरची पिशवी आहे. या घडणीच्या पिशव्या अनेक कंपन्या विकतात, त्यामुळे येथे एका कंपनीविषयी न लिहिता या प्रकाराविषयीच लिहितो.

आधी गरज किती ते पाहू. चौघांचे कुटुंब काटकसरीने वागले, अंघोळ अंग भिजवण्यापुरती व साबण धुण्यापुरती ठेवली, तरी पिणे, स्वयंपाक, भांडी आणि स्वच्छता मिळून रोज १० ते १२ गॅलन पाणी लागते. आपल्या घरांत हा आकडा खाली आणणे अवघड जाते, कारण तांदूळ धुणे, कुकर घासणे आणि फोडणीची तेलकट कढई स्वच्छ करणे यांना कागदी ताटल्यांचा उपाय चालत नाही, आणि शौचाला पाणी हवेच. हिवाळ्यात भारतातून आईवडील आलेले असतील तर नळ धारेने सोडायचा नाही, तांब्यात मोजून घ्यायचे, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगावे लागते. त्यांतले ज्यांनी टँकरचे दिवस पाहिले आहेत ते आपल्यापेक्षा लवकर रुळतात. ट्रेलरची टाकी ५० गॅलनची धरली तर ती चार-पाच दिवस पुरते. अमेरिकी केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या, म्हणजे बीएलएमच्या, मोकळ्या जागांवर साधारणपणे १४ दिवस फुकट राहता येते. तेवढ्या मुक्कामाला १४० गॅलनच्या पुढेच पाणी लागणार, म्हणजे ४५ गॅलनच्या किमान दोन खेपा आल्याच.

पिशवी पीव्हीसीचा थर दिलेल्या जाड कापडाची असते. वरच्या अंगाला भरण्याचे तोंड आणि कडेला खाली बॉल व्हॉल्व्हची तोटी, एवढीच तिची रचना. रिकामी असताना ती घडी करून बाकाखाली सरकवता येते, आणि माझ्या मते तिचा खरा गुण हाच आहे. त्याचे कारण वजनाच्या हिशेबात पुढे येईल. घेताना ती पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित आहे ना, हे एनएसएफ ६१ या मानकाच्या उल्लेखावरून पाहून घ्यावे. शेतीला किंवा बांधकामाला पाणी नेण्याच्या पिशव्याही दिसायला अशाच असतात आणि त्या स्वस्त पडतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये.

नव्या पिशवीच्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो. आरव्हीची, म्हणजे राहण्याच्या गाडीची किंवा ट्रेलरची, टाकी निर्जंतुक करण्याचे जे रूढ प्रमाण आहे, दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचे घरगुती ब्लीच, तेच येथेही चालते. म्हणजे ४५ गॅलनला पाऊण कप. हे पाणी पूर्ण भरलेल्या पिशवीत काही तास ठेवून ओतून द्यावे आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळून काढावे. त्यानंतर खाण्याचा सोडा घातलेले पाणी रात्रभर ठेवल्यावर वास बराच कमी झाला, तरी चहात तो पुष्कळ दिवस जाणवत राहिला. म्हणून पिशवीतले पाणी आम्ही वापरासाठीच ठेवतो. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये असते.

पिशवीतून ट्रेलरच्या टाकीत पाणी आपोआप उतरेल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. पिकअपच्या हौद्याची उंची आणि ट्रेलरच्या भरण्याच्या तोंडाची उंची यांत फारसे अंतर नसते, आणि पिशवी जसजशी रिकामी होत जाते तसतशी ती चपटी होऊन पाण्याची पातळी हौद्याच्या तळाला टेकते. बारा व्होल्टचा पंप त्यामुळे लागतोच, आणि किमतीचा विचार करताना पिशवी, पंप आणि पांढरी पिण्याच्या पाण्याची नळी असा तिन्हींचा मिळून करावा. मिनिटाला तीन गॅलन देणारा पडदापंप ४५ गॅलन साधारण पंधरा मिनिटांत चढवतो. यापेक्षा जोरदार पंप घेण्यात अर्थ नाही, कारण ट्रेलरच्या टाकीतली हवा बाहेर पडायची वाट अरुंद असते आणि पाणी फार वेगाने ढकलले की ते त्याच तोंडातून उलटे अंगावर येते. शेवटचे दोन-तीन गॅलन पिशवीच्या कोपऱ्यांत अडकून बसतात. तोटीच्या विरुद्ध बाजूची कड उचलून ती चटईसारखी गुंडाळत आणली की तेही निघतात. थंडीत रात्री पारा शून्याजवळ जाण्याची शक्यता असेल तर पंप आणि नळी रिकामी करूनच झोपावे, नाहीतर आत राहिलेले पाणी गोठून पंपाचे कवच तडकू शकते.

आता वजनाकडे वळू, कारण जाहिरातींत या बाबीचा उल्लेख हटकून बारीक अक्षरांत असतो. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते. ४५ गॅलन म्हणजे ३७५ पौंड, ६० गॅलन म्हणजे ५०० पौंड, अर्थात २२७ किलो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जी चिठ्ठी असते, तिच्यावर माणसे आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन घालता येईल ते लिहिलेले असते. समजा हा आकडा १५०० पौंड आहे. ट्रेलर जोडला की त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या मागच्या अंगावर येतो. सहा हजार पौंडांच्या ट्रेलरसाठी सहाशे पौंड तरी यात गेले. चार माणसे साडेपाचशे पौंड, जोडणीचे लोखंडी सामान सुमारे शंभर. उरले अडीचशे पौंड, आणि त्यात हत्यारे, खुर्च्या, जनरेटर अजून आलेलेच नाहीत. या हिशेबात भरलेली पिशवी कोठेच बसत नाही. मागे ट्रेलर आणि हौद्यात भरलेली ६० गॅलनची पिशवी अशा अवस्थेत महामार्गावर धावणाऱ्या गाड्या दिसतात. मागचे चाक दबलेले, पुढचे दिवे आभाळाकडे लागलेले, आणि वळणावर सुकाणू हलके पडलेले, ही त्यांची लक्षणे असतात.

मुक्कामी पोचून ट्रेलर सोडला, माणसे तंबूच्या सावलीला बसली, की हेच गणित पालटते. ट्रेलरचा सहाशे पौंडांचा भार गाडीवरून उतरलेला असतो, गाडीत एकटा चालक असतो, आणि तेव्हा ३७५ पौंड पाणी सहज आणता येते. म्हणून प्रवासात पिशवी घडी करून न्यावी आणि पाण्याच्या खेपेपुरतीच ती अंथरावी. कडक प्लास्टिकची मोठी टाकी रिकामी असली तरी अख्खा हौदा अडवून बसते. तिथे पिशवी सरस ठरते.

पाणी कोठून आणायचे हेही ठरलेले असावे. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा येथे बीएलएमचा हिवाळी दीर्घ मुक्कामाचा तळ आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात तेथे परवान्यावर राहता येते आणि परवानाधारकांसाठी पाणी व सांडपाणी सोडण्याची जागा, दोन्ही आहेत. प्लोमोसा रोड, डोम रॉक किंवा हाय जॉली या फुकटच्या जागांवर यातले काहीच नाही, तेथून गावातल्या विकतच्या नळावर यावे लागते. सांडपाणी सोडण्याच्या जागी दोन नळ दिसले तर जपावे: त्यांतला एक नळ्या आणि टाक्या धुण्यासाठी असतो, त्यावर तशी पाटी असते, आणि त्याला आपली पांढरी नळी कधीही लावू नये. काही ठिकाणी पिण्याच्या नळाला आटे मुद्दाम ठेवलेले नसतात. तेथे नळावर चढवायची रबरी बाही जवळ असली तर पिशवी भरता येते, नसली तर मगाने भरत बसावे लागते.

हाय जॉलीवरून आठवले म्हणून सांगतो. हे नाव हाजी अली या उंटवाल्याचे आहे. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने नैर्ऋत्येच्या वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर तो आला. १९०२ मध्ये तो क्वार्ट्झसाइटला वारला, आणि गावातल्या त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड व त्याच्या टोकाला धातूचा उंट आहे. पाणी आणायला गावात गेल्यावर थांबून पाहण्यासारखे आहे.

साध्या कॅनशी तुलना केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. सात गॅलनचा ॲक्वा-टेनर नावाचा कॅन अमेरिकेत सगळीकडे मिळतो, त्याची तोटी उलटी करून आत बसवता येते आणि तो एकावर एक रचता येतो. भरल्यावर मात्र तो ५८ पौंडांच्या, म्हणजे २६ किलोंच्या पुढे जातो, आणि तो छातीपर्यंत उचलून टाकीच्या तोंडाशी धरणे हे पाठीचे दुखणे असलेल्याचे काम नव्हे. दोघांचा मुक्काम चार-सहा दिवसांचा असेल तर असे दोन-तीन कॅन आणि लहानसा पंप पुरेसा आहे, पिशवीवर पैसे घालू नयेत. कॅन फुटला तर सात गॅलन जातात, पिशवी फाटली तर सगळेच जाते, हाही मुद्दा लक्षात घ्यावा.

पिशवी आणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे हिशेब जेथे अडतात ती जागा वेगळीच आहे. आत आणलेले पाणी बाहेरही जावे लागते. ट्रेलरच्या मोरीच्या पाण्याची टाकी बहुधा ३० ते ४० गॅलनची असते. स्वच्छ पाणी दुप्पट केले म्हणून ती दुप्पट होत नाही, आणि ते पाणी वाळूत सोडून देणे ला पोसासारख्या तळावर नियमाविरुद्ध आहे. ती भरली की ट्रेलर हलवावाच लागतो आणि पिशवीचा सगळा फायदा वाया जातो. त्यावर दोन उपाय आहेत. भांडी आधी कागदाने पुसून घ्यावीत, ती घमेल्यात धुवावीत आणि ते पाणी संडासात ओतून फ्लशसाठी वापरावे. संडासाच्या वेगळ्या टाकीत सहसा जागा शिल्लक असते. दुसरा उपाय चाकांच्या निळ्या टाकीचा. तिच्यात मोरीचे पाणी काढून घ्यायचे आणि ती पिकअपच्या हुकाला अडकवून माणसाच्या चालीने जवळच्या विसर्जनाच्या जागी न्यायची. लांबचे अंतर असेल तर ती अर्धीच भरून हौद्यात चढवावी लागते. ही टाकी घेण्याची तयारी नसेल तर ६० गॅलनची पिशवी घेण्यात काही अर्थ नाही, आणि ४५ गॅलनचीही अर्धीच कामी येते.

आमच्या पिशवीत दोन दोष निघाले. तोटीच्या आट्यांतून पाणी झिरपत होते. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून ते थांबले, पण नव्या कोऱ्या वस्तूला हे करावे लागू नये. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. बांधण्याच्या कड्या फक्त चार कोपऱ्यांना दिल्या आहेत, त्यामुळे पिशवी अर्धी भरलेली असताना कच्च्या रस्त्यावर ब्रेक मारला की सगळे पाणी पुढे लोटते आणि मधला भाग हौद्याच्या भिंतीवर घासतो. आम्ही खाली जुनी सतरंजी घालतो, हौद्यातले बोल्ट आणि कडा झाकतो, आणि मधून एक रुंद पट्टा आडवा टाकतो. पिशवी भरायची तर आतली हवा काढून पूर्ण भरावी. अर्धवट भरून नेणे हे वजनाच्या दृष्टीने बरे वाटले तरी चालवायला वाईट आहे. कंपनीकडे कड्यांविषयी विचारणा केली, तिचे उत्तर आले नाही.

हंगाम संपल्यावर पिशवी दोन्ही तोंडे उघडी ठेवून सावलीत वाळवावी लागते, आणि आतून ती पूर्ण कोरडी होणे हे सांगितले जाते तितके सोपे नाही. आम्ही पंख्याचा वारा भरण्याच्या तोंडातून आत सोडून ठेवतो. उन्हात टाकून वाळवू नये, कापड कडक होते. किंमत पंपासह दोनशे डॉलरांच्या आसपास गेली, आणि चौघांच्या लांब मुक्कामासाठी ती मला रास्त वाटते.