ऊतींच्या काचपट्ट्यांचे स्कॅनिंग: २० पट की ४० पट?

अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात तोंडाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी जुन्या काचपट्ट्या (ऊतीचे रंगवलेले पातळ काप, म्हणजे छेद, बसवलेल्या काचा) डिजिटल करायचे ठरले, तर पहिला निर्णय भिंगाचा घ्यावा लागतो.

२० पटीवर एक पिक्सेल साधारण ०.५ मायक्रॉन अंतर व्यापतो, तर ४० पटीवर ०.२५. अंतर निम्मे झाले की पिक्सेल दुप्पट नव्हे, चौपट होतात: १५ मिलिमीटर लांब-रुंद ऊतीची प्रतिमा २० पटीवर ९० कोटी पिक्सेलची, तर ४० पटीवर ३६० कोटींची होते, म्हणजे संक्षेपणापूर्वी (फाइल दाबून लहान करण्यापूर्वी) अनुक्रमे सुमारे २.७ आणि १०.८ गिगाबाइट. संक्षेपणाने आकार बराच घटतो, पण शेकडो काचपट्ट्या साठवताना हा फरक जाणवतोच.

गाठीची व्याप्ती, तिची आत शिरणारी कड, केराटिन या प्रथिनाचे मोत्यांसारखे पुंजके आणि भोवती जमलेल्या लसिकापेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) २० पटीवर पुरेशा स्पष्ट दिसतात. मात्र पेशीविभाजनाच्या आकृत्या (विभाजन होत असलेल्या पेशी) मोजायच्या असतील किंवा केंद्रकातील क्रोमॅटिनचा (डीएनए आणि प्रथिनांच्या धाग्यांचा) पोत तपासायचा असेल, तर ४० पटीला पर्याय नाही. अर्थात त्या भिंगाची फोकसची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी) कमी असल्याने छेदाला पडलेली घडी किंवा जाड छेद तिथे अधिक धूसर दिसतो. उडालेला रंग तर कोणतेच भिंग परत आणत नाही.

माझ्या मते संपूर्ण संग्रह २० पटीवर आणि निवडक काचपट्ट्या ४० पटीवर स्कॅन कराव्यात. परंतु काचपट्टी रुग्णाला परत द्यायची असेल, तर थेट ४० पटच घ्यावी, कारण मोठी प्रतिमा नंतर लहान करता येते, लहान प्रतिमेत नसलेला तपशील भरता येत नाही.