लाँग बीच की रिओ? आठ महिने ऐकल्यावर

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ (माझ्या भाषेत लाँग बीच) आणि ‘रॉक इन रिओ’ हे दोन लाइव्ह अल्बम गेले आठ महिने आलटूनपालटून ऐकतोय. लोकलमध्ये इअरफोनवर, रविवारी घरी स्पीकरवर. आधीच सांगतो, मी कॉलेजपासून पक्का लाँग बीचवाला. रिओ एकदा ऐकून ‘गर्दीच फार’ म्हणून बाजूला ठेवला होता.

‘लाइव्ह आफ्टर डेथ’ १९८५चा. बराचसा मार्च ८५मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात आणि उरलेला ऑक्टोबर ८४मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला रेकॉर्ड झालेला. माझी पहिली सीडी जुन्या बाजारातली. घरी येऊन लावली तर लंडनची पाच गाणी गायब, ‘रनिंग फ्री’ही तोडलेलं. विकणाऱ्याशी जाऊन भांडलो. नंतर कळलं, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. सगळं एका सीडीत मावेना म्हणून मूळ सीडीच तशी निघाली होती. १९९८च्या दोन सीडींच्या आवृत्तीत सगळं परत आलंय. घ्यायचीच तर ती घ्या, नाहीतर ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ला मुकाल.

निर्माता मार्टिन बर्चने आवाज असा धरलाय की बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसची बोटं तारांवर पडतात ती टकटकसुद्धा ऐकू येते. गायक ब्रूस डिकिन्सन मात्र थकलेला आहे. दौरा ऑगस्ट ८४मध्ये पोलंडपासून सुरू झालेला, म्हणजे सात महिने रोज ओरडून झालेलं. ‘एसेस हाय’मध्ये वरच्या पट्टीला तो चक्क सुरांना वळसा घालतो. तरुणपणी हे कधी जाणवलं नव्हतं, आता दर वेळी जाणवतं, आणि का कोण जाणे, तेच आवडतं. ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ तेरा मिनिटांचं. मधे सगळं थांबतं, नुसता बास आणि जहाजाच्या लाकडांची करकर. पहिल्यांदा स्पीकरवर लावलं तेव्हा बायको आतून ओरडली, “अहो, त्या दाराला तेल घाला!”

ब्राझीलमधल्या रिओचा कार्यक्रम १९ जानेवारी २००१चा, अल्बम २००२चा. समोर अडीच लाख माणसं. बँड सोडून गेलेले ब्रूस आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ १९९९ला परतलेले, डेव्ह मरी आणि यानिक गर्स हे गिटारवालेही कायम, म्हणून गिटार तीन. पहिले दोन महिने कोण कुठे वाजवतोय याचा मला पत्ता लागेना, सगळ्याचा लगदा वाटायचा. मग ‘साइन ऑफ द क्रॉस’ने दार उघडलं. हे आणि ‘द क्लान्समन’ मधल्या काळात ब्रूसच्या जागी गाणाऱ्या ब्लेझ बेलीच्या वेळचं. स्टुडिओत ही गाणी मला कधी पटली नव्हती. बेचाळिशीतला ब्रूस ती गातो तेव्हा त्याच्यासाठीच लिहिली असावीत असं वाटतं. आवाज इथे जड झालाय, पण ताजा आहे.

‘फिअर ऑफ द डार्क’बद्दल काय सांगू! गिटारची धून सुरू होते आणि लोक तीच गाऊ लागतात, शब्दच नाहीत, नुसतं ओ-ओ. कीर्तनात झिलकरी बुवांच्या वर आवाज काढतात ना, तसं. १ फेब्रुवारी २००८ला मेडन मुंबईत आले तेव्हा मी बीकेसीच्या मैदानात होतो, त्यांच्या त्या दौऱ्याचा पहिलाच शो. गाणी बहुतेक ऐंशीच्या दशकातली, सुरुवातही लाँग बीचसारखी चर्चिलच्या भाषणाने. पण घसा बसला तो ‘फिअर’च्या ओ-ओपायीच! शेजारच्या अनोळखी पोराने खांद्यावर हात टाकला होता. रिओमध्ये ती जागा आली की तो हात आठवतो.

दोन्हींत असलेल्या गाण्यांचा हिशोब लवकर आटपतो. ‘द ट्रूपर’ आणि ‘२ मिनिट्स टू मिडनाइट’ लाँग बीचचं, ‘हॅलोड बी दाय नेम’ रिओचं. ‘रन टू द हिल्स’ कुठलंही लावा.

आता गाडीत रिओच लागतो. डब्यातल्या कलकलाटात ती गर्दी बेमालूम मिसळून जाते आणि लाँग बीचची ती टकटक तिथे ऐकूच येत नाही. तिच्यासाठी रविवारची वाट बघतो, बायको भाजी आणायला बाहेर पडली की.