पद्मिनी की ॲम्बेसेडर?

भाच्या, जुनी गाडी घ्यायची म्हणतोस आणि या दोघींत अडलायस. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं १४८९. पण पद्मिनी अंगाने हलकी, गल्लीबोळात झटकन वळते. स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा एकदा हातात बसला, की दुसरी गाडी चालवावीशी वाटत नाही! भरल्या गाडीने घाट चढताना मात्र तिला धाप लागते. तिथे नव्वदच्या दशकातली, १८०० सीसी इसुझू इंजिनाची ॲम्बेसेडरच हवी. खड्डे तर ती पोटात घालते. गंज दोघींनाही लागतो, दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघ. रविवारी शहरात एकट्या-दुकट्याने फिरायचं तर पद्मिनी घे. सगळ्यांना घेऊन गावी जायचं तर ॲम्बेसेडर.